उशिरा पडणारं पाऊल

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी सेलूकडच्या एका शिवारात दोन सख्ख्या भावांच्या मधोमध उभा होतो. भूमापन खात्यातली नोकरी म्हणजे जन्मभर दुसऱ्यांच्या भांडणात उभं राहणं. थोरला म्हणत होता बांध इथं, धाकटा म्हणत होता तिथं, आणि चण्यात रोवलेली माझी झेंडी दोघांनाही पसंत नव्हती. प्रज्ञा म्हणजे माझ्या मित्राची, दिवाकरची मुलगी. ती पुण्याला शिकते, सुट्टीला घरी आली होती. फोनवर म्हणाली, "काका, बाबा उठूनच नाई राह्यले. तुम्ही या न." आवाज इतका साधा की मी विचारलं, "काऊन, बरं नाई का त्याले?" त्यावर ती म्हणाली, "काल ड्युटीवरून आले, जेवले, झोपले. आता डॉक्टर येऊन गेले, काका." मग समजलं. फोन खिशात टाकला आणि बघतो तर धाकटा भाऊ दोन पावलं मागं सरकलेला. "साहेब, मारता का काय?" तो म्हणाला. माझा उजवा हात छातीसमोर आडवा आला होता, पंजा उघडा, कुणाचा तरी ठोसा झेलावा तसा. तो हात कधी वर गेला मला ठाऊक नाही. मी तो खाली घेतला, मोजणी थांबवली आणि गाडी काढली.

दिवाकर सेवाग्रामच्या दवाखान्यात एक्स-रे काढायचा, आणि सकाळी ड्युटीला जाण्याआधी पिपरी मेघेतल्या बुद्धविहाराच्या मागच्या हॉलमध्ये पोरापोरींना कराटे शिकवायचा. बाहेरच्या पाटीवर 'कराटे' लिहिलं होतं खरं, पण आत जे चालायचं त्याला एक नाव नव्हतं. त्याची माझी ओळख भांडणातूनच झाली. मी वडनेरचा, कास्तकाराच्या घरचा, गावच्या आखाड्यात लाठी आणि कुस्ती मातीत लोळून शिकलेला. वर्ध्याला नोकरी लागली तेव्हा अंगात मस्ती होती. एका शाळेच्या मैदानावर कराटेचं प्रात्यक्षिक चाललं होतं, पांढऱ्या कपड्यातली माणसं ओळीनं उभी राहून हवेत ठोसे मारत होती. मी मोठ्यानं म्हणालो, "हवेशी कायची कुस्ती, बाप्पा?" ओळीतला एक शिडशिडीत, काळासावळा माणूस वळला. "हवा नाई ते. समोर माणूस आहे. तुले दिसून नाई राह्यला त्याले मी काय करू?" मग त्यानं मला हाताला धरून मैदानात नेलं, एका जागी उभं केलं आणि सांगितलं की हलजो नको. आणि तो आपला काता, म्हणजे एकट्यानं करायचा डावांचा ठरलेला क्रम, पहिल्यापासून करू लागला. प्रत्येक ठोसा माझ्या शर्टाच्या गुंडीपाशी येऊन थांबत होता. एक लाथ कानाजवळून गेली तिचा वारा लागला. मला घाम फुटला तो भीतीनं नव्हे. मी उभा होतो ती जागा आधीपासून कुणीतरी भरलेली होती आणि मी त्या माणसाच्या आत उभा आहे, असं काहीतरी वाटत होतं. संपल्यावर त्यानं विचारलं, "दिसला का आता?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या हॉलवर हजर झालो.

शिकण्याच्या बाबतीत दिवाकर म्हणजे हावरट माणूस. कराटे तो नागपूरला शिकला. ज्युदो पोलीस मैदानावर एका निवृत्त हवालदाराकडून. दवाखान्यातर्फे प्रशिक्षणासाठी केरळात गेला तिथं संध्याकाळी कळरीत, म्हणजे तिथल्या जुन्या युद्धविद्येच्या आखाड्यात, जाऊन बसायचा, अंगाला तेल चोपडून हत्तीसारखं, सिंहासारखं जमिनीलगत वाकायला शिकला. ताई ची त्याला नागपूरच्या एका शिबिरात एका म्हाताऱ्या चिनी बाईनं दाखवलं. ती बाई म्हणे त्याच्या मनगटावर नुसती बोटं टेकवायची आणि हा एवढा गडी भिंतीशी जाऊन आदळायचा. माझ्याकडून त्यानं लाठी घेतली. आणि हे सगळं त्याची खिचडी न होऊ देता शिकवायचा. कराटेत पाय जमिनीत रोवायचा, ताई चीत तोच पाय पाण्यात ठेवल्यासारखा ठेवायचा, कळरीत तो कमरेतून निघाला पाहिजे. "पाय एकच आहे, पण पत्ता बदलते," असं म्हणायचा. ज्युदोत आधी पडायला शिकवतात, ते तर त्याला इतकं पटलं होतं की पिपरी मेघेतल्या म्हाताऱ्या बायांनासुद्धा त्यानं विहारात पडायला शिकवलं. रोज दवाखान्यात मोडलेली मनगटं बघायचा ना. हाताची आडवी थाप देऊन सतरंजीवर पडणाऱ्या त्या नऊवारीतल्या आज्या, आणि हा समोर उभा राहून "वा, मायबाई, काय पडली!" म्हणतोय, हे ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत.

केरळातली एक गोष्ट तो दर वर्षी नव्या पोरांना सांगायचा. तिथल्या गुरुजींचे सगळे चेले मान उजवीकडे कलती करून उभे राहायचे. यानं महिनाभर तशी मान करून घेतली, मानेला लचक भरली. "मले वाटलं काहीतरी मोठी विद्या आहे. मंग समजलं, गुरुजीले एका कानानं आयकू येत नव्हतं!" पोरं हसायची, तोही हसायचा. मग एकदम गंभीर होऊन म्हणायचा, "हसू नका. माणूस विद्या देते तं तिच्यासोबत आपलं सारंच देते. त्याले बी माहीत नसते काय काय गेलं."

आमच्या दोघांची म्हणून एक गोष्ट होती, तिला आम्ही 'जोडी' म्हणायचो. इतक्या कलांमधले डाव एका माळेत ओवून दिवाकरनं दोघांनी करायचा एक मोठा क्रम बांधला होता. सुरुवात लाठीनं. लाठ्या फेकल्या की कराटेचे सरळ ठोसे, त्यातून ताई चीसारखे मनगटाला मनगट चिकटवून फिरणं, मग डाव्या पायानं आत शिरून छातीवर एक ठोसा, तो मी उघड्या पंजानं झेलायचा, तिथून कळरीसारखं खाली बसणं, आणि शेवटी ज्युदोची फेक. तो करणारा, मी घेणारा. आणि नियम असा की बाजू बदलायची नाही. मी कधी करणारा झालो नाही, तो कधी घेणारा झाला नाही. एकदा मी कुरकुर केली की जन्मभर मीच काय म्हणून पडू. तर म्हणाला, "दोन्ही बाजू येऊ नाई, गजू. दोन्ही आल्या का माणूस समोरच्याचं आयकत नाई. मंग तो सोताशीच खेळते." त्यामुळे त्याची बाजू मला येत नव्हती. म्हणजे डोक्यात नव्हती. अंगाला मात्र ठाऊक होतं की आता काय येणार.

मग त्याचा गुडघा गेला. फेक शिकवताना एक जाडजूड विद्यार्थी त्याच्या डाव्या गुडघ्यावर आडवा पडला. आपल्याच गुडघ्याचा एक्स-रे त्यानं स्वतः काढला, दिव्यासमोर धरून बघितला, आणि कुणाला काही सांगायचं नाही असं ठरवून टाकलं. मला तेवढं सांगितलं. लंगडणं त्यानं इतकं बेमालूम लपवलं की काय सांगू. फक्त जोडीत, आत शिरायच्या त्या एका डाव्या पावलाला, ते लपायचं नाही. पाऊल अर्धा श्वास उशिरा यायचं. आधी डावा खांदा जरासा वर, मग कमरेला झोल, मग पाय किंचित घासत पुढे, आणि मग ठोसा. मीही माझा हात अर्धा श्वास थांबवायला शिकलो. मुद्दाम नाही, होत गेलं. गंमत अशी की पोरांना ती मोठी करामत वाटली. सर समोरच्याला चकवतात म्हणून दोन-चार जणांनी ती उचलायचाही प्रयत्न केला, तर दिवाकरनं त्यांना असं झापलं की पुन्हा कुणी धजलं नाही. वर्षं गेली. हॉलमधल्या मॅटवर त्या जागी त्याचा पाय घासून एक गुळगुळीत पट्टा पडला.

भूत-पिशाच्च म्हटलं की दिवाकर पेटायचा. "आमच्या घरात हे चालत नाई," म्हणून समोरच्याला गप्प करायचा. माझाही या गोष्टींवर विश्वास नाही. सातबाऱ्यावर मेलेल्या माणसाचं नाव किती वर्षं राहतं हे मला धंद्यामुळे माहीत आहे, पण म्हणून तो माणूस शेतात फिरत नसतो. पुढचं लिहितोय ते हे सांगून लिहितोय.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विहारात जागा पुरली नाही. भन्तेजींचं झालं, चार लोक बोलले, आणि मग जुने विद्यार्थी धरून बसले की काकांनी जोडी करावी. मी म्हणालो, अरे, एकट्यानं कशी करू? तर म्हणे तुमची बाजू करा. नाही म्हणवलं नाही. मागच्या हॉलमध्ये लोक भिंतीला टेकून बसले, मधली मॅट मोकळी ठेवली. मी माझी अर्धी बाजू सुरू केली. समोर कोणी नाही, मी झेलतोय, वळतोय, मागं सरतोय. सुरुवातीला लाज वाटत होती. मग वाटेनाशी झाली. हॉलमधली कुजबुज थांबली तेव्हा मला कळलं की लोक माझ्याकडे बघत नाहीयेत. ते माझ्या समोरच्या जागेकडे बघतायत. मी उजवीकडे सरलो की सगळ्यांच्या नजरा डावीकडे जात होत्या, जिथं तो असला असता. मॅटच्या कडेला दिवाकरची थोरली बहीण पाय पसरून बसली होती, रडून रडून थकलेली, कुठेतरी तिसरीकडेच बघणारी. मनगटं फिरवत आम्ही... मी त्या बाजूला आलो, आणि तिनं पाय जवळ ओढून घेतले. कुणाला तरी जायला वाट द्यावी तसे. मी तिच्यापासून चांगला लांब होतो. नंतर मी तिला विचारलं, तर तिला आठवतही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात प्रज्ञा माझ्याकडे आली. लहानपणापासून कराटे शिकलेली, हाडानं बापासारखी. म्हणाली, "काका, बाबाची बाजू मले शिकवा." मी म्हणालो, ती मला येत नाही. ती म्हणाली, "मंग कोनाले येते?" कुणालाच येत नव्हती. मोबाइलवर व्हिडिओचा एक तुकडा होता, पण तो कुणीतरी माझ्या मागून काढलेला, त्यात सगळीकडे माझीच पाठ. बापाचा गुडघा गेला त्यानंतर प्रज्ञा बाहेरगावीच होती, जोडी तिनं लहानपणी कधीतरी पाहिली होती तेवढीच. पण मी मोजणीचा माणूस. मधलं शेत कुणी मोजू देत नसेल तर चारी बाजूंचे शेजारी मोजायचे, मधलं आपोआप कागदावर येतं. मी तिला म्हणालो, मी माझी बाजू करतो, तू समोरच्या रिकाम्या जागेत शीर. जिथं मी झेलतो तिथं मार, जिथं मी सरतो तिथं ये.

तिनं पुण्याला जाणं पुढं ढकललं आणि आम्ही रोज सकाळी भेटू लागलो. ती इतक्या भराभर शिकली की मला बरं वाटायच्या ऐवजी अस्वस्थ व्हायला लागलं. मी काही सांगायच्या आधी तिचा हात तिथं असायचा. मनगटाला मनगट चिकटवून फिरताना तिची बोटं माझ्या नाडीवर टेकायची, दिवाकरची टेकायची तशी. हे मी तिला सांगितलं नव्हतं, कारण मला स्वतःलाच ते तोवर आठवलं नव्हतं. आणि मग ते पाऊल. पहिल्या दिवशी ती सरळ, वेळेवर आत शिरली, माझा हात नव्हता, ठोसा छातीवर बसला. ती घाबरून "सॉरी काका" म्हणाली, मी हसून वेळ मारून नेली. त्या उशिराबद्दल मी तिला एक शब्दही बोललो नाही. पण थोड्याच दिवसांत, एका सकाळी, आम्ही त्या जागी आलो आणि तिचा डावा खांदा जरासा वर गेला. कमरेला झोल बसला. पाय घासत आला, बरोबर त्या गुळगुळीत पट्ट्यावरून... आणि ठोसा माझ्या पंजात येऊन बसला, जिथं बसायचा तिथंच. मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

खरं सांगतो, मला आनंद झाला. भीती वाटत होती आणि आनंद होत होता. दिवसभर मी शिवारात यंत्र लावून उभा असायचो आणि मनात त्या अर्ध्या श्वासाची वाट बघायचो. तेवढा वेळ दिवाकर जिवंत असायचा. आपला मित्र परत भेटतोय म्हटल्यावर कोण विचारत बसतं, कुठल्या वाटेनं आलास म्हणून!

वंदनावहिनी, दिवाकरची बायको, कधी हॉलकडे फिरकायच्या नाहीत. त्यांना ही मारामारी आवडायची नाही. त्या दिवशी विहारात काही कामासाठी आल्या होत्या. आम्ही जोडी करत होतो, दार लोटलेलं होतं. ते पाऊल पडलं तसं दार उघडलं. वहिनी उंबऱ्यात उभ्या, चेहरा पांढराफटक. त्यांची नजर आमच्या पायांवर नव्हती, त्या हॉलभर बघत होत्या, कोपऱ्याकोपऱ्यात. "कोन आहे इथं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आम्ही दोघंच. "खोटं नका बोलू, भाऊ. त्यायचं पाऊल वाजलं मले. रोज जिन्यावरून उतरताना असंच वाजे... धप, अन मंग घासल्यावानी. मी आयकत होती न रोज. मले सांगत नव्हते, पन मले आयकू येत होतं." बाहेरच्यांपासून इतकी वर्षं लपवलेला तो गुडघा घरच्या जिन्यानं केव्हाच सांगून टाकला होता. प्रज्ञा मध्येच उभी होती, डाव्या पायावरचा भार काढून. तिनं हात गुडघ्यावर ठेवला होता. वहिनींनी तेही बघितलं. "काय झालं पायाले?" "काई नाई, आई. जरासा दुखून राह्यला चार दिवसांपासून." "डावा?" "हाव."

दिवाकरच्या जागी आता जो एक्स-रे काढतो त्यानंच तिचा एक्स-रे काढला. गुडघा स्वच्छ. काही मोडलेलं नाही, काही झिजलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, पाऊल चुकीचं टाकते आहे, असंच टाकत राहिली तर मग होईल. घरी आल्यावर वहिनींनी चहा ठेवला, आम्हाला दिला, स्वतः घेतला नाही. "भाऊ, तुम्ही जानकार माणूस. मले एक सांगा. माणूस गेला तं गेला, त्याचं दुखनं तुम्ही काऊन ठेवून राह्यले? अन ठेवाचं तं माह्या पोरीच्या पायात?" मी म्हणालो, वहिनी, मी तिला काही सांगितलं नाही, शपथेवर. त्यावर प्रज्ञाच उसळून म्हणाली, "आई, मी करत नाई ते. होऊन राह्यलं. त्या जागी आली का कोनीतरी धरते मले. थांब म्हनते. बाबा तिथंच येतात, काका, तुमाले बी माहीत आहे. मी सरळ गेली तं कुठं येतील ते?"

दिवाकर असता तर या बोलण्यावर पेटला असता. पण दिवाकर नव्हता. मी चहा संपवून उठलो. घरी आल्यावर अंगणात एकट्यानं माझी बाजू करून बघितली, अगदी सावकाश, मोजणीला चालतो तसा. त्या जागी आलो आणि माझा हात थांबला. ठोसा यायच्या वेळेला हात येतच नव्हता, अर्धा श्वास वाट बघत होता. तेव्हा उलगडलं. पोरगी पहिल्या दिवशी वेळेवर आली होती. माझ्या छातीवर मारायचं नाही म्हणून ती थांबायला लागली, माझ्या हाताची वाट बघायला लागली, आणि तेवढं थांबायचं तर शरीराला खांदा उचलावा लागतो, कमरेत झोल घ्यावा लागतो. लंगडणं दिवाकरच्या गुडघ्यातून माझ्या हातात आलं होतं आणि माझ्या हातातून त्याच्या मुलीच्या गुडघ्यात. हे सगळं समजलं. तिची बोटं माझ्या नाडीवर कशी आली, हे मात्र नाही समजलं, आणि दिवाकरच्या बहिणीनं पाय का ओढून घेतले तेही नाही.

म्हणजे करायचं काय ते उघड होतं. हात वेळेवर आणायचा. पण हात वेळेवर आला की तो अर्धा श्वास जाणार, आणि माझ्याकडे दिवाकरचं दुसरं काय उरलं होतं? त्याच्या फोटोला मी कधी हार घातला नाही, तो मला फोटोतला वाटतच नाही. मी दोन दिवस हॉलवर गेलो नाही. वहिनींचा निरोप आला, "उद्या येजा. मी बी येतो."

वहिनी विहारातल्या बायांच्या गाण्यांना टाळी धरतात. भिंतीशी सतरंजी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "तुमची विद्या मले समजत नाई. टाळी समजते. टाळीवर पाऊल पडलं पाहिजे अन टाळीवरच हात आला पाहिजे. दोघायचा बी." प्रज्ञा खाली बघत उभी होती. मी म्हणालो, बेटा, चल. सुरू केलं. लाठ्या झाल्या, ठोसे झाले, मनगटं झाली, वहिनींची टाळी हॉलच्या छतावर आपटत होती. त्या जागी आलो, टाळी वाजली, प्रज्ञाचं पाऊल वेळेवर आलं आणि ठोसा माझ्या छातीवर बसला. हात नंतर आला. ती थांबली तशा वहिनी ओरडल्या, "थांबू नको! लागू दे त्यायले!" मला हसू आलं, छाती दुखत असताना. असं रोज चाललं. टाळी, ठोसा, आणि मग माझा उशिराचा हात, कोणाची तरी वाट बघून आलेला. छातीवर काळानिळा डाग उठला, बायको घरी विचारायला लागली. प्रज्ञा कधी कधी चुकून थांबायची, खांदा उचलला जायचा, तिचा चेहरा मऊ व्हायचा आणि ती बाजूला बघायची, जिथं कुणी नव्हतं. मग वहिनी टाळी आणखी जोरात मारायच्या.

आणि एका सकाळी हात पोचला. टाळी, पाऊल, ठोसा, पंजा, सगळं एका ठिकाणी. चपखल. असं जोडीत कितीतरी वर्षांत झालं नव्हतं. मी तिचा हात धरून उभा राहिलो आणि मला पुढं सरकवेना. मी वाट बघत होतो... तो अर्धा श्वास आला आणि त्यात कोणी नव्हतं. नुसता हॉल होता. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. तिनं बाप गेल्यावर कुणासमोर टिपूस गाळलं नव्हतं, नातेवाइकांनी नावंही ठेवली होती. आता तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती माझ्या खांद्यावर कपाळ टेकून रडायला लागली. "गेले, काका. बाबा गेले."

वहिनींचे दोन्ही तळवे टाळी मारल्यावर जुळले होते ते तसेच होते. त्या रडल्या नाहीत. आपल्या शेजारी, सतरंजीच्या रिकाम्या बाजूकडे बघत म्हणाल्या, "कुठी गेले नाई. थकले होते ते. बसू दे त्यायले आता."

प्रज्ञा पुण्याला गेली. गुडघा दुखत नाही. सुट्टीला आली की सकाळी हॉलवर येते, आम्ही जोडी वेळेवर करतो, नवी पोरं ओळीनं बसून बघतात. टाळीला वहिनीच लागतात. त्या हात उचलतात आणि मारण्याआधी शेजारच्या रिकाम्या सतरंजीकडे वळून हळूच विचारतात, "करू का सुरू?"... मी आणि प्रज्ञा लाठ्या धरून उभे राहतो. वहिनी जरा वेळ ऐकतात. मग टाळी वाजवतात.